जिन्याखालची सामानखोली

लॉजचं वसतिगृह करायचं म्हणजे दोन खाटांच्या खोलीत चार खाटा घुसवायच्या, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांना मी एप्रिल महिन्यात सोलापूरला बोलावते. दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून दहा मिनिटं बसा म्हणते, मग आपण खाटांचं बोलू. अजून कुणी आलेलं नाही.

मी शुभदा, आर्किटेक्ट. वय सेहेचाळीस, स्वभाव तापट, ऑफिस सात रस्ता चौकाजवळ दोन खोल्यांचं. बंगल्याची कामं माझ्याकडे फारशी येत नाहीत, कारण बंगलेवाल्यांना फाटकावर सिंह पाहिजे असतात आणि मला सिंह काढता येत नाहीत. त्यामुळे शाळेच्या खोल्या, समाजमंदिरं, दवाखान्यांची दुरुस्ती असली कामं माझ्या वाट्याला येतात. तक्रार नाही. फक्त सांगून ठेवते, म्हणजे 'हॉटेल शरणप्रभा'चं काम आलं तेव्हा मला किती आनंद झाला असेल ते कळेल.

स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत ही तीन मजली इमारत. शिवप्पा अण्णांच्या वडिलांनी बांधलेली, बत्तीस खोल्यांची. एके काळी चादरी-टॉवेल घ्यायला येणारे व्यापारी इथे आठ-आठ दिवस मुक्काम करत. आता व्यापारी निम्मा सौदा फोनवर करून सकाळच्या गाडीनं येतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. रात्र काढायची गरज उरली नाही, आणि ज्यांना उरली ते हायवेच्या नव्या हॉटेलात जातात. शरणप्रभात शेवटी शेवटी येत होते ते सिव्हिलमधल्या पेशंटांचे नातेवाईक, आणि कधीतरी असा एखादा माणूस जो सामान न घेता येतो आणि सकाळी दार उघडत नाही. लॉजवाल्यांची एक रीत आहे. खोलीत असं काही झालं की पोलीस गेल्यावर खोलीचा नंबर बदलतात. शरणप्रभात दुसऱ्या मजल्यावर दोनशे सातनंतर एकदम दोनशे दहा होता.

अण्णांच्या बायकोला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि अण्णा दिवसभर काउंटरमागे रिकाम्या रजिस्टरवर कोपर टेकून बसत. मुलगा मृत्युंजय म्हणाला, विकून टाकू. अण्णा म्हणाले, मुलींचं वसतिगृह करू. बार्शीकडच्या, अक्कलकोटकडच्या किती मुली रोज पहाटे एसटीनं येतात, कॉलेज करतात आणि दिवेलागणीला परत जातात. भाडं परवडत नाही म्हणून शिक्षण सोडतात. मृत्युंजयनं गणित मांडलं, तेही जमत होतं. मग मला बोलावणं आलं.

मी पुण्यात समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून शिकले. पहिली तीन वर्षं माझी खाट संडासाच्या भिंतीला लागून होती, आणि खिडकी नव्हती. सकाळ झाली हे मला नळाच्या आवाजावरून कळायचं. तेव्हाच मी ठरवलं होतं की कधी वसतिगृह बांधायला मिळालं तर प्रत्येक खाटेला खिडकी देईन. खोलीला नाही, खाटेला. बावीस-तेवीस वर्षं ही हौस मी मनात धरून बसले होते, आणि हौसेला मोल नसतं म्हणतात ते खोटं आहे. असतं. फक्त ते दुसऱ्याला द्यावं लागतं.

मोजमाप घ्यायला गेले त्या दिवशी माझा मदतनीस आला नव्हता. टेपचं दुसरं टोक धरायला अण्णांनी हाक मारली, "नागू, ये गं जरा."

साठीची बाई, काटक, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. नागूबाई. एकतीस वर्षं ती या लॉजच्या खोल्या झाडत होती. तिनं टेप धरला तो असा घट्ट की जणू सुटला तर इमारत पळून जाईल. एकेक खोली मोजून झाली की ती दारातलं पायपुसणं उलटं करून उंबऱ्यावर टाकायची.

"हे कशाला, मावशी?"

"झाली म्हणून. काउंटरवनं नुसतं बघितलं की कळतंय कुठली खोली झाली आन् कुठली ऱ्हायली. हितली पद्धतच हाय."

दुपारी जिन्यात बसून चहा पिताना तिनं विचारलं, "म्याडम, तुमी कुटल्या?" मी सांगितलं, इथलीच, वडील रेल्वेत होते, अमुक कॉलनी. ती माझ्याकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "जयभीम."

"जयभीम, मावशी."

झालं. तासाभरात वॉचमनपासून समोरच्या पानवाल्यापर्यंत सगळ्यांना कळलं की 'आपली पोरगी इमारतीचे नकाशे काढती'. त्या दिवसापासून मी म्याडमची ताई झाले. मला संकोच वाटला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

त्या इमारतीबद्दल मला जे कळलं ते नागूबाईकडून कळलं. कुठली भिंत पावसाळ्यात घाम धरते, कुठला पाइप तुंबतो, कुठल्या खोलीत उन्हाळ्यात माणूस झोपूच शकत नाही. बाथरूमांच्या मागे तळापासून गच्चीपर्यंत एक अंधारी बोळकांडी होती, पाइप सोडायला ठेवलेली. मी ती बंद करायच्या विचारात होते. नागूबाई म्हणाली, "ताई, ती बुजवू नका. हितनं वारा वर जातोय. पावसाळ्यात मी चादरी हितंच वाळवते की. ऊन न्हाय, काय न्हाय, दोन तासात खडखडीत." मी उदबत्ती लावून बघितली. धूर सरळ वर ओढला गेला. मग मी खोल्यांमधली निम्मी बाथरूमं काढून पूर्वेच्या टोकाला एकत्र केली, बोळकांडी रुंद केली, गच्चीवर तिला उंच धुराडं दिलं, आणि आतल्या बाजूच्या प्रत्येक खाटेला त्या वाऱ्यावर उघडणारी उंच खिडकी मिळाली. पश्चिमेला जाळीची दुसरी भिंत उभी केली. अंगणातल्या फरशीखाली जुना हौद आहे हेही तिनंच दाखवलं. आमच्या गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, अठ्ठ्याऐंशी मुलींना हौदाशिवाय भागलं नसतं. पुढे एका मासिकात या कामाचे फोटो छापून आले. खाली माझं नाव होतं.

नागूबाई राहायची जिन्याखाली. म्हणजे जिन्यामागे एक चिंचोळी खोली होती, छत एका बाजूला उतरत गेलेलं. एक लोखंडी खाट, एक पत्र्याची पेटी, स्टो, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. नवरा वारल्यावर ती वळसंगहून कामाला आली आणि अण्णांच्या बायकोनं ही खोली दिली. मुलगा पिंपरीला असतो. "सून गुणाची हाय, पर जागा ल्हान हाय," एवढंच ती सांगायची. वळसंगला भावाचं घर आहे, तिथं भावजयीचं राज्य.

मोजमाप संपलं त्या दिवशी ती जिन्याच्या पायरीवर माझ्यासमोर उभी राहिली. हातात माझा टेप होता, तो तिनं परत दिला नाही.

"ताई, एक इच्यारू? समदं पाडा, काय बी करा. पर मला हितनं हलवू नगा. म्हातारपणाला दुसरी जागा न्हाय मला."

"कोण हलवतंय? मी आहे ना."

"मी आहे ना" हे शब्द मी आयुष्यात जरा बेतानं वापरायला हवे होते.

मी लगेच अण्णांकडे गेले. अण्णा म्हणाले, "नागू कुठं जाणार? ती हाय तितंच ऱ्हाईल. मुलींच्या वसतिगृहात बाईमाणूस पाहिजेच की. लिहून घ्या." मी मान डोलावली. लिहून घेतलं नाही.

नकाशा पूर्ण करायला बसले तेव्हा अडचण कळली. माणूस राहणारी खोली असेल तर ती अमुक एवढी मोठी पाहिजे, आणि तिची खिडकी उघड्या हवेत पाहिजे, असा नियम आहे. चांगला नियम आहे. माझ्यासारख्या खिडकीवेड्या बाईनं तर त्याची पूजा करायला हवी. जिन्यामागची खोली आकारानंही बसत नव्हती आणि खिडकीनंही. नागूबाईला नियमात बसणारी खोली द्यायची तर तळमजल्यावरची चार खाटांची एक खोली कमी करावी लागत होती.

मी मृत्युंजयला फोन केला. तो काही वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "मॅडम, भाडं कमी ठेवा म्हणून तुम्हीच मागं लागलात. मी ऐकलं. आता चार मुली कमी करा म्हणताय. मग भाडं वाढवू का?"

मी रागानं फोन ठेवला आणि जिन्यामागच्या चौकोनात टाइप केलं, 'सामान खोली'.

आमच्या धंद्यात याला कुणी पाप म्हणत नाही. नकाशात 'देवघर' लिहिलेल्या जागेत लोकांचे आजोबा झोपतात, 'पार्किंग' लिहिलेल्या जागेत झेरॉक्सची दुकानं चालतात. तपासणाऱ्यालाही माहीत असतं, काढणाऱ्यालाही. कागद कागदाच्या जागी, घर घराच्या जागी. मी तर उलट त्या सामान खोलीचे लाड केले. छताचा उतार सरळ करून घेतला, बोळकांडीच्या वाऱ्यावर खिडकी दिली, कोपऱ्यात नळ आणि मोरी, पंख्याला पॉइंट, खाटेच्या मापाचा ओटा, फोटोला कोनाडा. सामानासाठी एवढं कोण करतं?

नागूबाईला मी सगळं सांगितलं. कागदावर सामान आहे, खरं तुम्ही आहात.

ती हसली. "सामानच की मी. जुनं झालेलं." मग विचारलं, "पर त्यानं काय हुनार न्हाय न्हवं?"

"काही होत नाही, मावशी. सगळेच करतात."

काम दहा महिने चाललं. नागूबाई गवंड्यांच्या मागे मागे फिरायची, त्यांच्या चहात साखर कमी पडली तर अण्णांशी भांडायची, आणि रंगाऱ्यानं खिडकीच्या काचेवर डाग ठेवला तर त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. एकदा मी गेले तर ती वरच्या मजल्यावर एका रिकाम्या खाटेच्या जागी आडवी पडलेली. मी घाबरले. ती म्हणाली, "बघतीय, पोरीला हितनं आभाळ दिसतंय का." दिसत होतं. तिच्या खोलीच्या खिडकीतून आभाळ दिसत नव्हतं, हे तेव्हा आम्हा दोघींनाही माहीत होतं.

जुलैत प्रवेश सुरू झाले. अग्निशमनचा दाखला तेवढा बाकी होता. त्याच सुमारास दुसऱ्या कुठल्या तरी शहरात एका वसतिगृहात आग लागून मुलं गेली, आणि सगळीकडे तपासणी कडक झाली. व्हायलाच पाहिजे होती. आमच्याकडे साहेब येणार म्हणून दोनदा ठरलं, दोनदा पुढे गेलं. शेवटी ज्या सोमवारी आले त्याच सोमवारी मुलींना राहायला यायचं कळवलेलं होतं.

अकरा वाजता अंगणात चाळीसेक मुली होत्या. गाद्यांच्या वळकट्या, बादल्या, पत्र्याच्या पेट्या, पिशव्यांतून डोकावणारे भाकरीचे डबे. कुणाचे वडील पेटीवर बसून तंबाखू मळत होते. मुली मान वर करून खिडक्या मोजत होत्या. नागूबाई त्यांच्यात पाण्याची घागर घेऊन फिरत होती, आणि प्रत्येकीला विचारत होती, "कुटनं आलीस गं? जेवली का?" जिंती नावाच्या गावाची शिवानी म्हणून एक मुलगी होती, तिच्या गावची पहिलीच मुलगी बारावीच्या पुढे आलेली. नागूबाईनं तिला आपल्याच ओट्यावर नेऊन बसवलं, कारण तिला गाडी लागली होती.

साहेब चांगले होते. हेच वाईट झालं. चिरीमिरी मागणारा असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. त्यांनी एकेक दार उघडून पाहिलं, जिने मोजले, पाण्याचा दाब तपासला. म्हणाले, "मॅडम, मनापासून केलंय." मग तळमजल्यावर आले आणि जिन्यामागचं दार ढकललं.

ओट्यावर गादी होती. गादीवर शिवानी डोळे मिटून पडलेली. कोनाड्यात फोटो, मोरीत ताट-वाटी, दोरीवर नऊवारी लुगडं वाळत घातलेलं.

"इथं कोण राहतं?"

मृत्युंजयनं माझ्याकडे पाहिलं. अण्णा काउंटरमागून उठून आले होते, त्यांनीही माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "नकाशात सामान खोली आहे, साहेब."

या वाक्यात एकही खोटा शब्द नाही. मी ते पुष्कळदा मनात उलटसुलट करून पाहिलं आहे.

"नकाशात काय आहे ते मी वाचलंय. इथं कोण राहतं ते विचारतोय. जिन्याखाली, एकच दार, स्टो पण आहे. रात्री वर आग लागली तर हा माणूस पहिला जाईल. कुणी राहत असेल तर मी दाखला देणार नाही. नकाशा सुधारा, परत मंजूर करून आणा, मग बघू."

परत मंजूर म्हणजे दोन-तीन महिने. बाहेर अंगणातून मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता. मला तेव्हा बोलायला हवं होतं. साहेब, चूक माझी आहे, नाव मी चुकीचं घातलं, इथे एक बाई एकतीस वर्षं राहते, असं म्हणायला किती वेळ लागतो? माझा परवाना गेला नसता. ताशेरे आले असते, नाव खराब झालं असतं, मुली परत गेल्या असत्या, त्यातल्या काही पुन्हा आल्या नसत्या. हे सगळं खरं आहे. पण मी गप्प बसले ते या सगळ्याचा विचार करून नाही. भीतीनं गप्प बसले.

मागे नागूबाई उभी होती, घागर कडेवर घेऊन, आणि तिच्यामागे पाच-सहा मुली डोकावत होत्या. साहेबांनी तिला विचारलं, "आजी, तुम्ही राहता का इथं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. टेपचं दुसरं टोक धरताना बघायची तसं, कुठं उभं राहू असं विचारल्यासारखं. मग अंगणाकडे पाहिलं.

"न्हाय साहेब. मी वळसंगची. रोज येती-जाती."

"मग ही गादी?"

"दुपारची पाठ टेकायला. वय झालं की."

"आणि हे लुगडं?"

"काम करताना भिजतंय. सांजच्याला नेसून जाती."

साहेबांनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. त्यांना कळलं होतं, मला खात्री आहे. ते म्हणाले, "खोली आत्ता रिकामी करा. कुलूप लावा. मला फोटो जोडावा लागतो."

शिवानीला उठवलं. नागूबाईनं स्वतः गादी गुंडाळली, फोटो काढून पदरानं पुसला आणि पिशवीत ठेवला, ताट-वाटी पेटीत घातली. मृत्युंजय आणि वॉचमननं पेटी बाहेर आणली. ती मुलींच्या पेट्यांच्या रांगेत ठेवली गेली, आणि कुणा नव्या मुलीची म्हणून तिच्यावर दुसरी पेटी चढली. साहेबांनी रिकाम्या खोलीचा फोटो काढला, कुलपाचा काढला. पाऊण वाजता दाखला मिळाला. अंगणात टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

मला वाटलं होतं, चार दिवसांनी सगळं थंड झालं की ती परत राहायला जाईल. सगळेच तसं करतात. पण मृत्युंजय म्हणाला, "मॅडम, ते कधीही परत येऊ शकतात. सापडली तर इमारतीला सील लागेल, अठ्ठ्याऐंशी मुली रस्त्यावर येतील. तुम्ही घेता का जबाबदारी?" अण्णा त्याला म्हणाले, "इरली बिडो," म्हणजे राहू दे रे तिला. आवाजात जोर नव्हता. मृत्युंजय कानडीतच काहीतरी बोलला, आणि अण्णा पुन्हा जाऊन काउंटरवर बसले. त्यांच्या पुढ्यात आता मुलींच्या नावांचं नवं रजिस्टर होतं, ते त्यांनी उघडलं.

नागूबाईला मी म्हणाले, माझ्या घरी चला. ती म्हणाली, "तुमच्याकडं कशाला ताई, भाऊ हाय की." ती नको म्हणाली तेव्हा मला हायसं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ती वळसंगला गेली आणि तिथून रोज येऊ लागली. सकाळी सहाची गाडी, संध्याकाळी साडेपाचची. भावाच्या घरी तिला पडवीत जागा मिळाली, शेळ्यांच्या शेजारी. पावसात ती पडवी एका बाजूनं भिजते. हे तिनं नाही सांगितलं, शिवानीनं सांगितलं. सामान खोलीत आता फिनेल, झाडू आणि जास्तीच्या गाद्या असतात. खिडकीतून वारा छान येतो म्हणे, गाद्यांना कुबट वास धरत नाही.

सप्टेंबरात मला राहवेना. मी रात्रंदिवस बसून नकाशा सुधारला. तळमजल्यावरच्या अभ्यासिकेचा एक कोपरा तोडून नियमात बसणारी खोली काढली, पूर्वेला खिडकी, खिडकीत आभाळ. चौकोनात स्वच्छ लिहिलं, 'नागूबाई, राहण्याची खोली'. असं व्यक्तीचं नाव घालत नाहीत, पण मी घातलं. मृत्युंजयशी दोन दिवस भांडले. फी घेणार नाही, मंजुरीचे हेलपाटे मी मारीन, काय पाहिजे ते कर म्हटलं. तो शेवटी हो म्हणाला. अण्णांच्या डोळ्यात पाणी आलं. मी नकाशाची गुंडाळी घेऊन, फार दिवसांनी मान वर करून, नागूबाईला शोधत गेले.

ती अभ्यासिकेच्या दारात फरशी पुसत होती. दोन महिन्यांत निम्मी झाली होती. मी जमिनीवरच नकाशा पसरला आणि बोट ठेवून दाखवलं, ही तुमची खाट, ही खिडकी, हा नळ. तिला नकाशा वाचता येत होता, इतके महिने माझ्याबरोबर हिंडून शिकली होती. तिनं ओल्या हाताचं बोट कागदाला न टेकवता सगळं नीट पाहिलं.

"लई चांगली काढलीय, ताई."

"मंजुरीला दोन-तीन महिने लागतील फक्त. मग हे एसटीचे हाल बंद."

ती पुसायचं फडकं पिळत राहिली. मग म्हणाली, "नगं."

"नको? का? अभ्यासिकेची जागा जाते म्हणून? आठच मुलींची जाते, त्यांना वर सोय करू."

"त्यासाठी न्हाय. मी त्या सायबाला, समद्या पोरींच्या देखत सांगितलं, मी हितं राहत न्हाय म्हणून. उद्या हितं राहिले तर पोरी काय म्हनतील? म्हातारी खोटं बोलली. ती शिवानी तर आतच व्हती. तिला ठावं हाय मी काय बोलले ते."

"मावशी, ते तुम्ही आमच्यासाठी बोललात. मुलींनाही माहीत आहे. खोटं मी केलं, कागदावर मी लिहिलं."

"तुमच्या कागदाचं काय ताई, तुमी खोडून परत काढता." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती मला समजावून सांगत होती. "मी बोलले ते कुटं खोडू? आता ते खरं करायचं, दुसरं काय? रोज येते-जाते, म्हंजी खोटं ऱ्हात न्हाय."

मी पुष्कळ बोलले. रागावले, हात जोडले, शेवटी रडले. ती माझ्या पाठीवरून ओला हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "तुमच्यावर काय आलं न्हाय न्हवं पुढं? कुनी काय इच्यारलं न्हाय?"

"नाही," मी म्हणाले. "कुणीच काही विचारलं नाही."

"मग झालं की."

साडेपाचची गाडी चुकेल म्हणून तिनं बादली उचलली. मी स्टँडपर्यंत स्कूटरवरून सोडते म्हणाले, तेवढ्याला मात्र ती हो म्हणाली. गाडीत बसायला जागा नव्हती. ती दांडीला धरून उभी राहिली, आणि आतून हातानं मला सांगत राहिली, जा, उशीर होईल. मला कुठेच जायचं नव्हतं.